चुलीवरची काडतुसं

पाच गोळ्या मारल्या, पाचही पाच दिशांना गेल्या. निखाडे रेंजरसाहेबांनी रायफल पोत्यावर टेकवली. टार्गेट पाहायला ते गेलेच नाहीत, मीच जाऊन कागद काढून आणला.

"पाह्यलं ना मिस्त्री? दुर्बीण बदलून द्या. नाईतर सरळ सांगा, निखाडेचा हात गेला म्हणून."

मी तेव्हा नागपूरच्या एका बंदुकीच्या दुकानात मिस्त्री होतो. पावसाळा सरला की चांदा जिल्ह्याच्या जंगलात फिरून लायसनच्या बंदुका दुरुस्त करायचो. आज त्या मुलखाचे चंद्रपूर आणि गडचिरोली झालेत. ही गोष्ट पन्नासच्या दशकातली, आलापल्लीच्या पुढच्या, वनखात्याच्या एका रेंजमधली. लाकडं आणायला निघालेल्या रिकाम्या ट्रकनं मला तिथे नेऊन टाकलं होतं. बंगला, मागे स्वयंपाकघर आणि चहूकडे साग. बोलायला माणूस म्हणून स्वयंपाक करणारा लालसूभाऊ, आणि तो मोजकं बोलायचा.

त्यामुळे कोणी आलं की निखाडेसाहेब असे बोलत सुटायचे की ताटातलं निवून जायचं. बायको हिवतापानं गेली तेव्हा मुलगी रांगत होती. तिला नागपूरला मावशीकडे ठेवलं होतं. लाकूड कटाईच्या हंगामात रजा मिळत नसे आणि पावसाळ्यात रस्ता नसे. पण खात्याच्या नेमबाजीच्या टीममध्ये निवड झाली तर स्पर्धेसाठी नागपूरला ड्युटीवर जाता येणार होतं. निवड पुढच्या आठवड्यात आलापल्लीला होती, खात्याच्या मोठ्या साहेबांसमोर, म्हणजे डी.एफ.ओ. साहेबांसमोर.

"पयल्या नंबरासाठी कोण मरते, मिस्त्री! मले फक्त पोरगी पाहाची आहे," ते म्हणाले.

आता थोडं धंद्यातलं सांगतो. ही रायफल पॉइंट टू-टू, म्हणजे रिमफायर. हिच्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. वापरलेलं काडतूस पुन्हा भरता येत नाही. तेव्हा बाजारात मिळतं त्यातूनच रायफलला मानवेल ते निवडायचं. आणि आधी पाहायचा तो ग्रुप. एकाच ठिकाणी नेम धरून मारलेल्या गोळ्यांची भोकं जवळजवळ पडली पाहिजेत. केंद्रापासून लांब का असेनात, स्क्रू फिरवून ती केंद्रावर आणता येतात. विखुरलेल्या गोळ्यांना मात्र औषध नाही.

मी दुर्बिणीपासून सुरुवात केली. चांगली लांबलचक होती. एका जुन्या साहेबानं बदली होऊन जाताना मोठ्या शिकारी रायफलवरची काढून दिलेली. मी रायफल पोत्यावर घट्ट बसवली आणि तिला हात न लावता डोळा थोडा इकडेतिकडे केला. आतली फुली टार्गेटवर सरकत होती.

"हे पाहा साहेब."

त्यांनीही डोळा हलवून पाहिलं. "अरे! हे काऊन होऊन राह्यलं?"

याला पॅरालॅक्स म्हणतात. भिंतीवरचं घड्याळ बाजूनं पाहिलं की काटा पुढेमागे दिसतो, तसंच हे. ती दुर्बीण लांबच्या वाघासाठी जुळवलेली होती आणि इथे टार्गेट पन्नास यार्डांवर. गाल दर वेळी रायफलच्या दांड्यावर तंतोतंत एकाच जागी टेकला नाही तर नेम चुकणारच. निखाडेसाहेबांना वाटायचं, जितकी मोठी दुर्बीण तितका नेम पक्का. निम्म्या गिऱ्हाइकांना असंच वाटतं. मी माझ्या पेटीतली छोटी, जवळच्या अंतराची दुर्बीण चढवली आणि म्हटलं, "ही उसनी घ्या. नागपूरला आलात की दुकानात परत करा."

पुन्हा पाच गोळ्या. आता भोकं डावी-उजवीकडे पांगली नव्हती, पण वर-खाली ओळीनं पडली होती, शिडीच्या पायऱ्यांसारखी. म्हणजे माणूस बरोबर होता, दुर्बीण बरोबर होती. एक गोळी जोरात जात होती, दुसरी हळू. दोष काडतुसांत होता.

मी एक काडतूस बोटांत फिरवलं. शिशाच्या गोळीवर हलका चरबी-मेणाचा लेप असतो, तो जवळजवळ नव्हताच. धुराचा वास मात्र येत होता.

"काडतुसं कुठे ठेवता, साहेब?"

साहेबांनी लालसूभाऊला हाक मारली. तो दारात आला. "रांधनीत जी. चुलीवरच्या माच्यावर."

त्या मुलखात बियाणं, मोहफुलं, मीठ, ओल लागू नये असं सगळंच चुलीवर बांधलेल्या माच्यावर जातं. खाली जाळ असतो, वर माल कोरडा राहतो. शंभर वस्तूंना चालणारी ही रीत काडतुसांना चालत नाही. लेप वितळून जातो, आतली दारूही सारखी राहत नाही.

"बाईसायबानंच सांगतलं होतं, त्या होत्या तवा," लालसूभाऊ म्हणाला. "पयल्या पावसात ओलीनं गोळ्या हिरव्या पडल्या होत्या. तवापासून मी तिथीच ठेवतो. हलवलं नाई कधी."

साहेब उठले, स्वयंपाकघरात गेले आणि डबा स्वतः काढून आणला. काजळी धरलेला डबा त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला आणि मांडीवर घेऊन बसले. आपण डबा फेकून द्या म्हणणार होतो, याची मला लाज वाटली.

"यातल्या मारू नका," एवढंच मी म्हणालो. "असू द्या तुमच्याजवळ."

मी दोन जातीची काडतुसं आणली होती. एक हाय व्हेलॉसिटी, महागडी. दुसरी साधी, हळू जाणारी. साहेबांचा हात अर्थातच महागड्यांकडे गेला. दोन्हींच्या आधी पंधरा-वीस गोळ्या मारून मग ग्रुप पाहिला. रायफलला खोक्यावरचं नाव वाचता येत नाही. साध्या गोळ्यांचा ग्रुप रुपयाच्या नाण्याखाली झाकला गेला.

"हात आहे हो माझा!" साहेब ओरडले. त्यांनी लालसूभाऊला कागद दाखवला, मग मला, मग पुन्हा लालसूभाऊला. मला आणखी एक दिवस राहा म्हणाले. रायफलमध्ये आता काही करण्यासारखं नव्हतं, तरी मी राहिलो. पुढच्या मुक्कामी माझीही कोणी वाट पाहत नव्हतं.

आलापल्लीला त्यांची निवड झाली. पुढे एका दुपारी ते नागपूरच्या दुकानात आले, दुर्बीण परत करायला. एकटेच.

"तिसरा नंबर आला," ते दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं म्हणाले.

"आणि पोरगी?"

"मावशीच्या मागं लपते. मले रेंजर काका म्हणते." ते हसायला गेले, पण जमलं नाही.

मला गळा काढता येत नाही आणि धीरही देता येत नाही. बंदुकीचं तेवढं बोलता येतं. मी म्हणालो, "साहेब, एका जातीची गोळी सोडून दुसरी घातली की नळी लगेच धरत नाही. पहिल्या दहा-पंधरा गोळ्या इकडेतिकडे जातातच. नळीला सराव झाला की ग्रुप आपोआप जमतो. त्या पहिल्या गोळ्यांवरून निकाल द्यायचा नसतो."

त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मान हलवली. मग म्हणाले, "बरोबर आहे, मिस्त्री. पण माझी ड्युटी उद्या सकाळी संपते."

त्यांनी दुर्बीण काउंटरवर ठेवली आणि ते गेले. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला काही सांगण्याआधी, त्याच्याजवळ वेळ किती आहे ते विचारतो.