पुढचे दोन रुंद टायर

हे शोभाक्काला ठाऊक नाही. माझ्या बायकोला नाही. अप्पांना, म्हणजे वडिलांना, तर आता सांगायचं म्हटलं तरी ते उरले नाहीत. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या हुलसूरचे नाही आणि बिरप्पाला ओळखत नाही — एवढंच. धाडस वगैरे काही नाही यात.

बिरप्पाचं बसवकल्याणला हायवेच्या कडेला टायरचं दुकान होतं. वडील मेंढरं राखायचे, हा ट्रकची चाकं उघडता उघडता शिकला. आमच्या तुरीच्या पिकअपचे टायर वर्षानुवर्षं तोच बघायचा. मला गाडी चालवायलाही त्यानंच शिकवलं. मी त्याला अण्णा म्हणायचो.

चार वर्षांपूर्वी मी हैदराबादहून एक जुनी स्पोर्ट्स कार आणली. लाल, दोनच सीटची, जमिनीला पोट टेकेल अशी. आमच्या रस्त्यांवर असली गाडी कशाला लागते? मला लागत होती. मी उतरलो की चार माणसांनी वळून बघावं, हे लागत होतं.

तर त्या गाडीचे मागचे टायर रुंद आणि पुढचे अरुंद. कंपनीनंच तसे दिलेले. वेगात वळलं की पुढची चाकं बाहेर सरकतात, म्हणून पुढं रुंद टायर हवेत — असं मी सगळ्यांना सांगायचो. खोटं नव्हतं ते. पण खरं कारण असं, की फोटोत ती पुढून किरकोळ दिसायची. मी महिनाभर मोबाइलवर चाकं बघत बसलो. शेवटी काळी, मोठी अलॉयची चाकं मागवली आणि ती घेऊन बिरप्पाकडे गेलो. म्हटलं, यांच्यावर पुढं दोनशे पंचेचाळीसचे, म्हणजे तेवढे मिलिमीटर रुंद, टायर घाल. गाडीला मुळात दोनशे पाचचे होते.

त्यानं नवं चाक चढवून बघितलं. मला स्टिअरिंग पार टोकापर्यंत फिरवायला लावलं आणि स्वतः आडवा होऊन आत हात घातला.

"हिकडं ये, बघ. ही ब्रेकची नळी. दोनशे पंचवीसचा घातला तर दोन बोटं जागा राहतीय. तू म्हणायलास तसला घातला की टायर हिला घासतंय."

"थोडं घासलं तर काय हुतंय अण्णा?"

"नळी फाटतीय. ब्रेक जातंय. मी न्हाई घालणार. दुसरं कायबी सांग."

दुकानात तेव्हा कुठले तरी दोन ट्रकवाले बसले होते. ते हसले. बिरप्पा नाही हसला, पण मला राग आला तो त्याचाच. त्यानं दोनशे पंचवीसचे टायर घातले, नट दोनदा आवळले, स्वतः चालवून बघितली. गाडी सुरेख वळत होती. हेही तुम्हाला सांगायला हवं — सुरेख वळत होती.

आठ दिवसांनी मी कलबुर्गीला गेलो आणि त्याच चाकांवर दोनशे पंचेचाळीसचे टायर घालून घेतले. तिथल्या माणसानं काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. घरी आल्यावर गेटात वळवताना पुढून आवाज आला. खर्र — असा. पूर्ण वळवलं की यायचा, सरळ केलं की बंद. मला कळलं का, काय घासतंय ते? कळलं. मी आत बोट घालून बघितलंसुद्धा नाही, कारण बघितलं असतं तर टायर काढावे लागले असते. नऊ दिवस तो आवाज ऐकला. मग गेटात शिरताना गाणं मोठं करायला लागलो.

दहाव्या दिवशी मंठाळला गेलो. शोभाक्का — माझी थोरली बहीण — तिथं दिली आहे. तिला बसवकल्याणला बाजाराला यायचं होतं. ती बसली आणि हसत सुटली. "आरं, ही गाडी हाय का चटई? भुईवर झोपल्यागत वाटायलंय!" तिचं ते हसणं मला आवडलं. मी जरा जास्तच पळवली.

उतारावर एक ट्रॅक्टर उसाची ट्रॉली घेऊन बाजूच्या वाटेनं रस्त्यात आला. मी ब्रेक दाबला. पाय तळापर्यंत गेला. गाडी थांबली नाही, नुसती हळू झाली. मी उजवीकडे ओढली असती तर ट्रॉली माझ्या बाजूला आली असती. मी डावीकडे ओढली. नाल्याचा कठडा अक्काच्या बाजूला होता.

तिचा डावा गुडघा आता वाकत नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, माझ्यासमोर उभे राहिले. पुढच्या चाकाशी ब्रेकची नळी फाटलीय, हे गाडी ओढून काढणाऱ्यांनी त्यांना सांगितलं होतं. "नवी चाकं कुणी बसवली?"

मी म्हणालो, "बिरप्पानं."

बघा — शब्द खरा होता. चाकं त्यानंच बसवली होती. टायरचं कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दाजी दुसऱ्याच दिवशी चौघांना घेऊन त्याच्या दुकानात गेले आणि भर बाजारात नाही नाही ते बोलले. मी तेव्हा काय करत होतो? मोडलेली गाडी टेम्पोत घालून, चाकांसकट, हैदराबादला भंगारात पाठवत होतो. कुणी टायरची रुंदी मोजायच्या आत.

चार दिवसांनी बिरप्पा आमच्या घरी आला. ओसरीवर अप्पा होते, दाजी होते, गल्लीतली आणखी माणसं. तो बसला नाही.

"दिलीप, तू सांग ह्यांना. मी कंचं टायर घातलं हुतं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. एक आकडा सांगायचा होता. मी फरशीकडे बघत म्हणालो, "मला आठवत न्हाई अण्णा."

मला वाटलं, आता ओरडेल. तो म्हणाला, "बरं." चपला घातल्या आणि गेला.

पुढं फार काही झालं नाही, आणि सगळं झालं. पोलिसात कुणी गेलं नाही. लोक फक्त त्याच्याकडे जायचे थांबले. बिरप्पानं बसवलेलं चाक, असं म्हणून हसायचे. वर्षाच्या आत दुकानाचं शटर कायमचं खाली आलं.

गेल्या साली झहिराबादजवळ एका मोठ्या टायरच्या दुकानात हवा भरायला थांबलो. आतून पाईप घेऊन बिरप्पा आला. केस पांढरे, दुसऱ्याच्या दुकानाचा निळा शर्ट. मला ओळखलं त्यानं. चारी टायर तपासले. "मागचं डावं उतरायलंय. खिळा असंल, बघून घे," म्हणाला. बायको शेजारी होती, तिला विचारलं, "बरं हाय का अक्काचं?" का विचारलं असेल? मी काच वर केली.

गेल्या महिन्यात खजुरीला पुतणीचं लग्न होतं. अक्काला खाली बसता येत नाही, म्हणून पंगतीच्या कडेला तिला खुर्ची दिली होती. नव्या सोयरिकीतल्या बायकांनी गुडघ्याचं विचारलं. तिनं सगळं सांगितलं — गाडी, उतार, ट्रॉली. "त्या बिरप्पानं चाकं नीट बसवली न्हाईत बघा. माझ्या भावाचा जीव वाचला, हेच लई." सांगताना तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला होता.

त्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. एकीनं विचारलं, "व्हय का हो?"

मी म्हणालो, "व्हय."