तानुबाईच्या वाटणीचे सुटे पैसे

सावळीराम दोंदे नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये मोजणीच्या खात्यात होते. रोज त्यांच्या अंगठ्याखालून जेवढा पैसा जायचा, तेवढा आमच्या निफाडकडच्या सावकारांनी सात पिढ्यांत पाहिला नसेल. आणि दोंदेभाऊंच्या स्वतःच्या खिशात मात्र कधी दमडी नसायची. आत जाताना आपला पैसा न्यायचा नाही आणि बाहेर पडताना हात वर करून झडती द्यायची, असा तिथला रिवाज होता. आमचे हेही तिथलेच, छपाईचे. पण आमचे हे सुटी झाली की नाक्यावर उधारीचा चहा पीत बसायचे आणि दोंदेभाऊ भोंगा झाला की सरळ घरी यायचे. क्वार्टर्समध्ये आमचं दार त्यांच्या दाराला लागून होतं, त्यामुळे कोण कधी आलं हे मला घड्याळाशिवाय कळायचं.

त्यांच्या सगळ्या सदऱ्यांचे खिसे त्यांच्या बायकोने, तानुबाईने, शिवून टाकले होते. झडती घेणाऱ्याचा वेळ वाचतो, असं ती म्हणायची. मला विचाराल तर नवऱ्याला खिसा असावा हेच तिला पटत नव्हतं. बसचं तिकीट ती काढायची, भाजी ती आणायची, भाऊंची तंबाखूची पुडीसुद्धा तीच आणून कोनाड्यात ठेवायची. घरचे पैसे मोजू मात्र द्यायची नाही. म्हणायची, तुमच्या हाताला परक्या पैशाची सवय, आपला थोडा पैसा बघून बोटं घाबरतील.

पगाराच्या दिवशी तर तमाशाच. भाऊ उंबऱ्याशी येऊन उभे राहायचे आणि फाटकावर करावेत तसे दोन्ही हात वर करायचे. तानुबाई पदर खोचून पुढे यायची, काखेपासून कमरेपर्यंत चापपून बघायची आणि बनियनमधलं पगाराचं पाकीट काढून घ्यायची. "आता जाऊ द्या याला आत," असं ती न दिसणाऱ्या शिपायाला सांगायची. आम्ही बायका दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावायचो. भाऊंच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही, पण हात जरा जास्तच वेळ वर राहायचे.

एक्क्याऐंशी साली आमच्या ह्यांच्या डोक्यात आलं की क्वार्टर्समधल्या चार घरांनी मिळून मुंबईहून बोटीने गोव्याला जायचं. ह्यांच्या डोक्यात येणाऱ्या बहुतेक गोष्टी तिथेच मरतात, पण ही जगली, कारण सगळ्यांच्या आधी तानुबाईने दोघांचे पैसे आणून दिले. तिने उभ्या जन्मात नाशिकची गंगा, म्हणजे गोदावरी, पाहिली होती आणि एकदा गंगापूरचं धरण. पलीकडचा काठ दिसत नाही असं पाणी कसं असतं, ते तिला बघायचं होतं.

जाणं होतं संक्रांतीनंतर. दिवाळीत तिचं पोट दुखायला लागलं आणि ते थांबलंच नाही. दवाखाना झाला, औषधं झाली, आणि डॉक्टर आमच्याशी इकडचं-तिकडचं बोलायला लागले तेव्हा आम्ही काय समजायचं ते समजलो. तानुबाईला कुणी सांगितलं नाही. तिने ठरवलं होतं की संक्रांतीपर्यंत बरं व्हायचं.

अंथरुणात बसून ती पुरचुंड्या बांधायची. आमच्या ओळीत मालवणची एक बाई राहायची. तिने सांगून ठेवलं होतं की बोटीवर मोठी नोट काढली की समोरचा तोंड फिरवतो, सुटे असतील तरच चहा मिळतो. कशाला किती पडतात, तेही तिनेच सांगितलं होतं. झालं. तानुबाईने भाजीवाल्यांकडून, वाण्याकडून, माझ्याकडूनही एकेक रुपयाच्या नोटा आणि नाणी गोळा केली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून हिशेब रंगांवर होता. लाल चिंधीत चहा, हिरवीत जेवण, पिवळीत हमाल, पांढरीत मुंबईतली बस. एका वेळची एक पुरचुंडी, अशा कितीतरी. आणि भाऊ समोर बसून शाळेतल्या पोरासारखे पाठ करायचे, लाल चहा, हिरवी जेवण. चुकले की ती चिडायची. एकदा मी म्हटलं, अगं, तू बरोबर असणारच आहेस, त्यांना कशाला छळतेस? तिने हातातली गाठ तेवढी घट्ट केली.

ती संक्रांतीच्या आधीच गेली.

मुलगा भुसावळहून आला, दिवस उरकले, वडलांना चल म्हणाला. भाऊ गेले नाहीत. त्यांची नोकरी अजून शिल्लक होती. सकाळी भोंग्याला जायचे, संध्याकाळी यायचे, आणि भिंतीपलीकडे भांडं वाजायचं नाही की कुणी खोकायचं नाही. मला त्या शांततेचा राग यायचा. मुद्दाम आमचा रेडिओ मोठा करायची मी.

बोटीचं आम्ही त्यांना विचारलं नव्हतं. तानुबाईची जागा ह्यांनी देवळाली कॅम्पच्या माझ्या बहिणीला, नवसाबाईला, देऊनही टाकली होती. आणि निघायच्या दोन दिवस आधी भाऊ आमच्या दारात आले. हातात इस्त्री केलेला सदरा होता.

"ताई, एवढे खिसे उसवून द्या," ते म्हणाले.

"येताय तुम्ही?"

"तिनं सगळं बांधून ठेवलंय. कोण सोडणार ते?"

मी ब्लेड घेऊन बसले. तानुबाईचा टाका बारीक आणि घट्ट, एकेक ओढून काढावा लागला. खाली दोन्ही बाजूंना दोन खोल खिसे होते, आत कापड अजून कोरं होतं. मुलाने दिलेली शंभराची नोट मी त्यांच्या बनियनला आतून टाचणीने लावून दिली आणि सांगितलं की अडचण आली तरच काढा.

मुंबईत एक रात्र माझ्या नणंदेकडे काढून आम्ही सकाळी भाऊच्या धक्क्यावर गेलो. बोटीत शिरताना जागा धरायची जी झोंबाझोंबी झाली ती सांगण्यासारखी नाही. खालच्या डेकवर ज्याची सतरंजी पडली त्याची जागा. दोंदेभाऊंनी घरची मोठी सतरंजी अंथरली आणि ते तिच्या एका कडेला बसले. दुसरी कडा मोकळी. नवसाबाई तिथे बूड टेकायला निघाली, तिला मी दंडाला धरून आमच्याकडे ओढली. तिला कळलं नाही. कळायला तिचं काय जळलं होतं?

धक्का मागे पडला, मुंबई बारीक झाली, आणि मग पाणीच पाणी. सगळे कठड्याशी धावले. ह्यांनी तर समुद्र आपण स्वतः भरून आणल्यासारखा सगळ्यांना दाखवला. भाऊही उठून आले, कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिले. दुसरा काठ नव्हता. मला वाटलं काहीतरी बोलतील, म्हणून मी शेजारी जाऊन उभी राहिले. ते एवढंच म्हणाले की वारा लय हाय, तिला कानाला बांधायला लागलं असतं.

चहाच्या वेळी उपाहारगृहाच्या खिडकीशी रांग लागली. मी त्यांच्या मागेच होते. भाऊंनी लाल पुरचुंडी काढली, दातांनी गाठ सोडली आणि आतली एक रुपयाची नोट आणि आठ आण्याचं नाणं खिडकीत ठेवलं. एक चहा मागितला. चहा बारा आणे होता. खिडकीतल्या माणसाने पैसे उचलले आणि दोन कप पुढे सरकवले.

"एकच," भाऊ म्हणाले.

"दीड रुपया दिलात ना? दोन झाले. सुटे नाहीत माझ्याकडे."

"दुसरा कोण पिणार?"

त्याने खांदे उडवले. मागचे लोक कुरकुरायला लागले. नवसाबाईने उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणाली, बारा आण्यांसाठी जीव टाकतोय म्हातारा, नोटांच्या कारखान्यात राहून हात असा आखडला. मी म्हटलं, नवसे, तोंड आवर, नाहीतर समुद्र खोल आहे. दुसरा कप परत आत सरकवून भाऊ तोवर खिडकीच्या बाजूला सरले होते. चहा गार होऊ देत ते उभे राहिले, रांग सरेपर्यंत, कुणीतरी सुटे देईपर्यंत. मग त्यांनी बारा आणे घेतले आणि डाव्या खिशात टाकले. उजव्या खिशात तिच्या पुरचुंड्या होत्या. डावा तोपर्यंत रिकामा होता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिने प्रत्येक गाठ दोघांची बांधली होती.

पुढे तसंच चाललं. हिरवी सोडली की एक ताट घ्यायचे आणि अर्धे पैसे डाव्या खिशात ठेवायचे. सुटे मिळाले नाहीत तर थांबायचे, पण दोनाचं घ्यायचे नाहीत आणि पैसे सोडायचेही नाहीत. पणजीत उतरताना हमालाशी हाच वाद झाला. ह्यांना वाटायला लागलं की दुःखाने भाऊ चिक्कू झाले. संध्याकाळी पणजीच्या धक्क्यावर भाऊ एकटे बसले होते, तिथे मी जाऊन बसले. डाव्या खिशाकडे बघून सरळच विचारलं, की भाऊ, एवढं सांभाळून काय करणार?

"हे तिच्या वाटणीचं हाय ताई," ते म्हणाले. "तिनं खाल्लं नाय, पिलं नाय. मग ते खर्चायचा मला काय हक्क? घरी गेलो की देऊन टाकायचं."

देऊन टाकायचं कुणाला, हे मी विचारलं नाही. त्यांनाही त्या वेळी ते सुचलं नसावं. जन्मभर उरलेला पैसा एकाच हाती गेला होता, रस्ता ठरलेला होता. मला रडू आलं, तोंड फिरवून मी मासेवाल्या बायकांकडे बघत बसले.

परतीच्या बोटीत आम्ही सगळे थकलेले होतो, कुणी समुद्राकडे बघतसुद्धा नव्हतं. भाऊ मात्र आपल्या अर्ध्या सतरंजीवर जागेच असायचे. उजवा खिसा सपाट झाला होता आणि डावा फुगून मांडीवर लोंबत होता. चालताना वाजायचा. आपला आवाज दुसऱ्याला येऊ नये म्हणून ते त्यावर हात ठेवून चालायचे.

नाशिकरोडला गाडीतून उतरलो, टांग्याने क्वार्टर्समध्ये आलो. त्यांच्या दाराची किल्ली माझ्याकडे होती, म्हणून मी आमचं सामान बाहेरच टाकून त्यांच्या मागून गेले. भाऊ उंबऱ्याशी थांबले. दाराला कुलूप होतं. पिशवी त्यांनी खाली ठेवली, आणि माझ्या देखत त्यांचे दोन्ही हात वर गेले.

ओळीतल्या बायका दारात आल्या होत्या. कुणी हसलं नाही. मी किल्ली धरून मागे उभी. एकदा मनात आलं की पुढे व्हावं आणि तो खिसा रिकामा करून द्यावा, पण ते काम माझं नव्हतं, कुणाचंच नव्हतं. हात तसेच वर राहिले. मग भाऊंनी समोरच्या कुलपाकडे पाहिलं आणि ते हळूच खाली घेतले. खिसा वाजला.

मी कुलूप काढलं, दिवा लावला, चूल पेटवू का म्हणून विचारलं. ते नको म्हणाले. मी घरी येऊन अजून हातपायही धुतले नव्हते, तेवढ्यात ते दारात आले. तोच सदरा काढून हातात घेतला होता, डावी बाजू जड होऊन खाली ओढलेली.

"ताई, हा शिवून टाका."

मी म्हटलं, द्या, आधी आतले पैसे काढून घेते.

"नाय," ते म्हणाले. "हायेत तसेच."

मी सुईत दोरा ओवला. दुहेरी घेतला, कारण वजन बरंच होतं.