ज्या मातीची बांगडी होते

आमच्या काठच्या मातीत चाललात की चप्पल पावलागणिक जाड होत जाते. दहा पावलांत माणूस चार बोटं उंच! किस्स्यांचंही तसंच आहे. आम्ही निंदणाच्या पाच-सहा जणी रोज सोबत असतो, रोज काहीतरी घडतं, आणि कालच्यावर आजचं चिकटत जातं. खरवडून काढायला सवडच मिळत नाही.

गाव आमचं हिंगणघाटच्या खाली, वणा नदीच्या काठी. पुराच्या गाळानं भरलेली काळी माती. पाणी प्यायला लागली की पितच बसते, आणि एकदा पोट भरलं की एक थेंब खाली जाऊ देत नाही. लोक चिबड म्हणून नावं ठेवतात. ठेवू द्या! पण ह्या मातीला ओळखणारी माणसं पाहायची असतील, तर आमच्या टोळीत या.

गेल्या वर्षी हे ओळखणंच पणाला लागलं. गावाला नवी अंगणवाडी मंजूर झाली, आणि जागा ठरली थेट नदीकडच्या खोलगट वावरात. त्या अंगणवाडीत माझी परी बसणार होती. तीन वर्षांची पोर. ती दुसऱ्या खोलीत गेली तरी मला धस्स होतं, आणि तिला त्या मातीवरच्या भिंतीखाली बसवायचं? आम्ही म्हणत होतो, विहारामागच्या टेकाडावर बांधा, तिथं खाली मुरूम आहे. पण बायांचं ऐकतो कोण!

* * *

पण आधी माझ्या लग्नाचं सांगते. माझं माहेरही काठावरचंच. पाहुणे मला पाहायला आले, आणि मी घरात नव्हतेच!

आई कपाळाला हात लावून उभी. झालं काय होतं, की त्या सकाळी वाफसा आला होता. आमच्या मातीत काल चिखल असतो आणि उद्या दगड. मधला एक दिवस मिळतो, तेवढ्यात पेरणी उरकायची. त्याला वाफसा म्हणतात. मी बाबांसोबत वावरात गेले होते, पाहुणे विसरून.

आई रडवेली होऊन म्हणाली, "वाफसा आला म्हणून गेली जी पोरगी... बोलावू का?"

मुलाच्या आईनं चहाचा कप खाली ठेवला. "नोको बोलावू. आता पाहाची गरज नाई. पसंत हाय."

त्या माझ्या आत्याबाई. सासू म्हणून आजवर एका शब्दानं बोलल्या नाहीत. फक्त मी परीसाठी जीव टाकते ना, तेव्हा म्हणतात, "पेरलं का रोज उकरून पाहाचं नसते व!"

* * *

आमच्या टोळीची पुढारीण शेवंताकाकू. वय विचारलं तर म्हणते, "किती पूर पाह्यले ते सांगतो, तुम्ही वय काढा."

एकदा बियाणं विकणारा एक साहेब पावसाळ्यात थेट वावरात, पिकाच्या तासात उतरला. पायात चकचकीत बूट. पाच पावलं गेला, सहावं पाऊल आलं, बूट नाही आला! मोजा तेवढा बाहेर. त्यानं हात घातला, कोपरापर्यंत चिखल, पण बुटाचा पत्ता नाही. जोर लावला तर दुसरा पाय रुतला. आम्ही पदर तोंडाला लावून उभ्या.

"अहो, काहीतरी करा ना!"

शेवंताकाकू गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "राहू द्या साहेब. तुमचंच बियाणं टाकू बाजूले. जोडी उगवन!"

* * *

आता मुद्द्याचं. अंगणवाडीची जागा मोजायला इंजिनीअर साहेब आले ते ऐन मे महिन्यात. आमची माती तेव्हा गोटा झालेली. शिपाई खुंटी ठोकतो आहे, घणावर घण, पण खुंटी आत जाईना. शेवटी तिचं डोकंच चिरलं!

साहेब खूश. "पाहिलंत? काय मजबूत जमीन आहे! आणि तुम्ही म्हणता, इथं बांधू नका."

आम्ही बाजूलाच काड्या वेचत होतो. शेवंताकाकू कंबर सरळ करत म्हणाली, "साहेब, उन्हाळ्यात बेडूकबी गोटाच वाटते. पाणी पडलं का मंग पाहा कसा उडते!"

साहेबांनी हसून घेतलं. खुंट्या मात्र चारही कोपऱ्यांत बसल्या.

* * *

त्याच वावरात उन्हाळ्यात भेगा पडतात. भेगा म्हणजे कशा? एकदा मी हात घातला तर खांद्यापर्यंत गेला आणि तळ नाही लागला. तेव्हापासून मला स्वप्नं पडायची, परीचा पाय गेला तर! घरासमोरच्या भेगा मी रोज टोपलीनं माती आणून बुजवायचे. सकाळी पाहिलं की शेजारी नवी हजर.

एके दिवशी प्रमिला, माझी मैत्रीण, वाकली आणि तिचा मोबाईल भेगेत. गेला तो गेलाच! शोधतो आहोत तर जमिनीतून गाणं वाजायला लागलं. तिच्या नवऱ्याचा फोन.

प्रमिला घाबरली. "अवं माय, उचलला नाई तं ते चिडतीन!"

शेवंताकाकू भेगेला कान लावून बसली, आणि मग आत तोंड घालून ओरडली, "हॅलो! जावईबापू, थांबा जरासे! फोन तेवढा खाली गेला, तुमची बायको वरतेच हाय!"

तारेचा आकडा करून आम्ही मोबाईल काढला. चालू होता! प्रमिलानं नवऱ्याला सांगितलं, "रेंज नव्हती."

* * *

मग ग्रामसभा. जागा बदला म्हणून आम्ही सगळ्या गेलो. सरपंच म्हणाले, "पुरावा काय?"

शेवंताकाकूनं पदराची गाठ सोडली. त्या वावरातली माती भिजवून आणली होती. तळहातावर तिची बारीक दोरी वळली, दोरीचं कडं केलं, टोकं जुळवली. एक तडा नाही! सुंदर काळी बांगडी. ती तिनं सरपंचांच्या टेबलावर ठेवली.

सरपंच लालबुंद! "शेवंताबाई, मले बांगड्या देता? भर सभेत?"

म्हटलं, आता काम राहिलं बाजूला, भांडणच होतं!

शेवंताकाकू शांतपणे म्हणाली, "तुमच्या मापाची नाई ते, भाऊ. आन् बांगड्या भरूनच आम्ही तुमचं वावर निंदतो, त्यात लाजाचं काय हाय? मी मातीचं सांगून राह्यली. ज्या मातीची बांगडी होते, तिथं भिंत होत नाई."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. सरपंचांनी बांगडी उचलून दोन बोटांनी दाबली, वाकवली, पुन्हा गोल केली. तुटेना! शेवटी म्हणाले, "अर्ज द्या. साहेबाले पाठवतो."

* * *

अर्ज मी लिहिला. मी सातवीपर्यंतच शिकले, पण टोळीत अक्षर बरं माझंच. सुरुवात केली, "सदर जागेत पाण्याचा निचरा होत नसून..."

शेवंताकाकू म्हणाली, "सदर-बिदर काढ. लिही, साहेब, पावसात या. चपला हातात घेऊन या."

मी घाबरत घाबरत तसंच लिहिलं. खाली पाच सह्या आणि एक अंगठा.

आणि साहेब खरंच आले. गमबूट घालून! पूर ओसरून आठवडा झाला होता. सगळ्या गावाची वावरं सुकली, पण त्या खोलगट वावरात गुडघाभर पाणी तसंच. एक खुंटी आडवी, दोन तिरप्या, चौथी दिसेना. साहेब काठावर उभे राहून म्हणाले, "पाया खोल घेऊ."

शेवंताकाकूनं काठालाच लोखंडी सब्बल मारून एक ढेकूळ वर काढलं. वरून काळं, खाली राखेसारखं निळसर, त्यात गंजाचे तांबडे डाग, आणि वास बुजलेल्या विहिरीचा.

"साहेब, इथं पाणी साचून साचून मातीलेच गंज चढला. तुमच्या सळाखी काय टिकतीन?"

साहेबांनी ढेकूळ हातात घेतलं, वास घेतला, पण बोलले तेच. "पाया खोल घेऊ."

मी मनात म्हटलं, झालं! आता पुढच्या वर्षी परी इथंच बसणार.

* * *

आमचं घर त्या वावराच्या काठालाच लागून. पाऊस सुरू झाला म्हणून आत्याबाईंनी साहेबांना चहाला आत बोलावलं. आत परी बाजेवर झोपलेली, आम्ही बाकी सगळे ओसरीत चुलीशी. साहेबांनी भिंतीवरची लांब भेग पाहिली. "मिस्त्री बरा नव्हता वाटतं."

आत्याबाई ओसरीतूनच म्हणाल्या, "मिस्त्री चांगला होता जी. दार लावून पाहा."

साहेबांनी पाहिलं, तर चौकटीला कडीची दोन भोकं. एक वर, एक चार बोटं खाली. "दोन कशाला?"

"वरचं उन्हाळ्याचं. खालचं पावसाळ्याचं. जमीन फुगली का दार हालते."

साहेबांना पटेना. त्यांनी आतून दार लोटलं, खांदा लावून दाबलं. धाडकन बसलं! कडी मात्र वरच्या भोकात जाईना, खालच्यातही जाईना; यंदाच्या पुरानं जमीन त्याहूनही फुगली होती. मग उघडायला गेले, तर दारच निघेना.

मी खिडकीशी धावले. "परी! परी आत हाय!"

आत्याबाईंनी माझा हात धरला. "काऊन भेते? परी हाय ना आत."

खिडकीतून मला सगळं दिसत होतं. साहेब ओढतात, दार हलत नाही. पाय लावून ओढतात, हलत नाही. घामाघूम! बाहेरून शिपाई ढकलायला निघाला, तर शेवंताकाकू आडवी. "थांब बापू, चहा उकळू दे."

आवाजानं परी उठली. बाजेवर बसून तिनं डोळे चोळले, साहेबांकडे थोडा वेळ पाहिलं, आणि खाली उतरली. मला वाटलं, आता भोकाड पसरते!

परी दाराशी गेली. "काका, ओढू नोका."

साहेब थांबले.

"पह्यले उचला. कडी धरून. दोन हातांनी."

साहेबांनी दोन्ही हातांनी कडी धरून दार वर उचललं.

"अजून."

साहेबांनी अजून उचललं.

"आता ओढा."

दार उघडलं! साहेब बाहेर आले, तोंड रुमालानं पुसलं, आमच्यापैकी कुणाकडेच पाहिलं नाही. शिपायाला म्हणाले, "त्या खुंट्या उपटा."

"आन् कुठं ठोकू साहेब?"

साहेबांनी मागे वळून पाहिलं. परी उंबऱ्यावर उभी होती.

"हिला विचारा."