शंभर शेअरांचे मालक

आमच्या मजल्यावरच्या काकांइतका हौशी मालक सबंध मुलुंडमध्ये दुसरा झाला नसेल. मालकी तरी कसली, तर शंभर शेअरांची! गिरणीतल्या कारकुनीतून निवृत्त झाल्यावर हाती आलेले सगळे पैसे त्यांनी किराण्याची दुकानं चालवणाऱ्या एका कंपनीत घातले होते. तिचं एक दुकान आमच्या स्टेशनाजवळ होतं. काकी जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन बडोद्याला. एकट्या माणसाला डाळतांदूळ तो किती लागणार? पण सकाळी दहाच्या ठोक्याला काका दुकानात हजर. फळीवरचे पुडे सरळ करत, रिकाम्या हाताने निघालेल्या बाईला दारात गाठून "काय आवडलं नाही?" असं विचारत. एकदा रव्यात किडे निघाले म्हणून एक गृहस्थ भांडायला आले, तेव्हा काउंटरवरच्या मुलीआधी काकांनीच हात जोडले. ती मुलगी त्यांना थट्टेने 'मालक' म्हणायची. काका मनापासून 'ओ' द्यायचे. कंपनीच्या वार्षिक सभेत तर त्यांनी माईक मागून घेतला आणि तूरडाळ इतक्या खालच्या फळीवर का ठेवता, बायकांच्या कमरा मोडतात, असं थेट अध्यक्षांना सुनावलं.

मी बँकेत नोकरीला. माझ्या जिवाला घोर. "काका, सगळं एकाच दुकानात कशाला? देशभरातल्या कंपन्यांचे थोडे थोडे शेअर घेणारा फंड असतो. एक बुडाली तरी बाकीच्या सावरतात. सगळा देश काय एकदम बसतोय?"

"दुकान माका रोज सकाळी भेटता," काका म्हणाले. "तुझ्या देशाक भेटूक खंय जावचां?"

मी हट्टाला पेटलो. दर रविवारी पेपर घेऊन त्यांच्याकडे जायचो आणि दुकानाचा आणि फंडाचा भाव शेजारी शेजारी मांडायचो. दुकान एका आठवड्यात उडी मारायचं, पुढच्यात आपटायचं. फंड आपला रमतगमत वर चढत होता. काका चहा करायचे, आकड्यांकडे बघायचेसुद्धा नाहीत.

मग कंपनीने तोट्यातली दुकानं बंद करायला घेतली. त्यात आमचंही होतं. शेअर धडाधड खाली आला. मी शेअर विकायचा फॉर्म आणला. काकांनी निमूट सही केली, आणि उरलेले पैसे फंडात गेले. दुकानाच्या शेवटच्या दिवशी फळीवर मिठाचे चार पुडे होते. काकांनी तेही ओळीत लावले. "येते हां मालक," म्हणून ती मुलगी गेली.

वर्षभराने मी उड्या मारत त्यांच्याकडे गेलो. "बघा काका, गेलेले बरेचसे भरून आले!"

"तुझां खरां झालां रे," ते म्हणाले. पेपर त्यांनी न उघडताच परत दिला. सकाळचे दहा वाजले होते. दार उघडं टाकून ते जिन्याकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. समोरच्या घरातून कळलं की हल्ली रोज असेच बसतात. पैसे वाचवले या आनंदात मला हे कधी दिसलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी मी पेपर घरीच ठेवला. "काका, डाळ आणायला जातोय, येता का?" वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी चपला चढवल्या. गल्लीतल्या वाण्याने विचारलं, "बोला काका, काय देऊ?" काकांनी तूरडाळ तळहातावर घेऊन पाहिली, मुगाचा भाव विचारला, पोह्यांची चौकशी केली, मग वाण्याच्या गावची, मग त्याच्या आईच्या गुडघेदुखीची. माझी पिशवी केव्हाच भरली होती. ती खाली ठेवून मी तिथेच उभा राहिलो.