दवंडी नसलेला तालुका

डम्... डमडम... डम्. आणि मग ते लांबवलेलं "ऐका हो ऐकाऽऽ!"

दवंडीचा तो आवाज मी लहानपणी शेवटचा ऐकला, पण अजून कानात आहे. आमच्या कोकणातल्या गावात कुणाची गाय हरवली, कुणाच्या जमिनीचा लिलाव निघाला, कुणाला तालुक्याच्या कोठडीत नेलं, सगळं दिवेलागणीच्या आत सगळ्यांना ठाऊक व्हायचं. अब्रू जायची खरी, पण माणूस कुठं आहे याचा पत्ता असायचा.

हे आठवलं शेवंतीवहिनीच्या फोनमुळे. मी सध्या ओमानात, सीबला, मंजूकडे म्हणजे माझ्या लेकीकडे आलो आहे. वहिनी गावातली आमची शेजारीण. तिचा मुलगा संदेश इथेच, निझवाच्या पुढे डोंगराकडच्या एका गावात, गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो. बरेच दिवस त्याचा फोन बंद होता आणि गावच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, "पोलिसांनी धरला म्हणे."

"नानानू," वहिनी म्हणाली, "तुरुंगात असलो तरी चलात. पण खंय आसा, ता तरी कळांदे."

आई पोरासाठी कोठडी मागत होती, कारण कोठडी नसेल तर काय, हा प्रश्न तिला तोंडातून काढायचा नव्हता. मी जावईबापूंना म्हटलं, "गिरीशराव, निघायचं."

"बाबा, इथं असं ठाण्यात जाऊन कुणाबद्दल विचारता येत नाही."

"मी माणूस विचारणार आहे, खजिना नाही."

"बरं, यल्ला, चला," गिरीश म्हणाला. वीस वर्षं गल्फात काढलेल्या माणसाचं मराठी असं मध्येमध्ये अरबी श्वास घेतं.

गुरुवारी दुपारी निघालो. तुम्ही जाणार असाल तर सांगतो, सीबहून निझवा गाडीनं दीड तास, रस्ता पट्टीनं आखल्यासारखा सरळ. दोन्ही बाजूंना बोडके तपकिरी डोंगर, मध्येच खजुराचा एखादा हिरवा पट्टा. गाडीच्या एकसुरी घरघरीवर भुजंगप्रयात फार छान बसतो. मी शाळेतल्या कविता म्हणत होतो, गिरीश सोसत होता. पेट्रोल पंपावर शंभर बैसांत, म्हणजे आपल्या वीसेक रुपयांत, कडक चहा मिळतो, तो चुकवू नका. ठाण्यांचे, सरकारी इमारतींचे फोटो मात्र काढू नका. मी किल्ला समजून फोन काढला, तर ती कचेरी निघाली आणि गिरीशनं माझा हात असा खाली ओढला की खांदा अजून दुखतोय.

निझवा ओलांडून गावात पोचलो. सनाया म्हणजे गॅरेजांची वसाहत. संदेशच्या गॅरेजचं शटर बंद. शेजारच्या टायरवाल्यानं मान वर न करता सांगितलं, "अर्बाब उमरा करने गया. लड़का? कोई बोलता पुलिस ले गया. कोई बोलता भाग गया. मेरे को मालूम नहीं."

अर्बाब म्हणजे मालक, ज्याच्या नावावर पोराचा व्हिसा आणि फक्त ज्याच्याकडेच काम करायची मुभा. तो मक्केच्या यात्रेला गेलेला, त्याचा फोनही बंद. राहता राहिलं पोलीस ठाणं.

तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं सौजन्यानं माझा जीव घेतला. आधी बसवलं, खजूर दिला, चिमुकल्या कपात कहवा, म्हणजे त्यांची कडवट कॉफी, ओतला. कप रिकामा झाला की पुन्हा भरे. मी "पुरे, पुरे" म्हणत होतो, तो भरतच होता. कप हलवून परत दिला म्हणजे 'बस' असा अर्थ, हे गिरीशनं मला बाहेर आल्यावर सांगितलं. आधी सांगायला काय झालं होतं?

"आप कौन उसका?" अधिकाऱ्यानं हिंदीत विचारलं.

"काका. चाचा." मी छाती काढून सांगितलं. आमच्याकडे हे विचारावंही लागत नाही.

"फादर का भाई?"

"भाई... जैसा."

"आपका दादा, उसका दादा, एक?"

"नहीं. घर बाजू में."

"मदर का भाई?"

"नहीं."

त्यानं हताशपणे गिरीशकडे पाहिलं. "बाबा, ये चाचा नहीं. ये पड़ोसी."

"हमारे गाँव में पड़ोसीच चाचा होता है!"

"फिर तो पूरा गाँव आएगा चाचा बनके," तो हसून म्हणाला आणि त्यानं कप भरला. नियम साधा होता. कुणाला धरलं, कोण सुटलं, हे फक्त सख्ख्या नातेवाइकाला नाहीतर अर्बाबला. चार लोकांत पोराची बदनामी नको, म्हणून.

"अच्छा, सिर्फ इतना बोलो. अंदर है, हाँ या ना?"

"इन्शाल्ला, सब ठीक होगा."

"ये इन्शाल्ला हाँ-वाला है की ना-वाला?"

गिरीशनं टेबलाखालून माझा पाय दाबला. मला काही सांगायला तो तयार नव्हता, माझं मात्र सगळं लिहून घेतलं: नाव, गाव, लेकीचा पत्ता, फोन, पासपोर्टची प्रत. बाहेरच्या बाकावर प्रत निघेपर्यंत मी चडफडत बसलो. संताप गिळायला मला एकच औषध माहीत आहे. लहान मुलांच्या पुस्तकातली पावशावरची कविता पुटपुटायला लागलो. आमच्या ओटीवर गावची पोरं ती मोठ्यानं म्हणायची आणि संदेश दर वेळी तिसऱ्या कडव्यापाशी अडून थेट पाचव्यावर उडी मारायचा. मी कान पिळायचो, तो दात काढायचा.

"दुआ?" अधिकाऱ्यानं दारातून विचारलं.

"नहीं. स्कूल का कविता."

त्याला काय कळलं कोण जाणे. त्यानं मान हलवली आणि आत गेला.

निझवात मुक्काम केला. शुक्रवारी सकाळी तिथला बकऱ्यांचा बाजार जगप्रसिद्ध आहे म्हणे, जरूर बघा. मालक बकरा घेऊन गोल फिरतात आणि गिऱ्हाईकं हात घालून दात तपासतात. मला काही रस वाटेना. बकऱ्याचा ठावठिकाणा साऱ्या बाजाराला माहीत आणि आमच्या पोराचा कुणाला नाही! परोटा-भाजी रियालभरात दोघांची झाली, ती मात्र चांगली होती. पुन्हा ठाण्यात गेलो. कालचा अधिकारी सुट्टीवर, आजच्याचं एकच उत्तर: रविवार. वकिलातीलाही शुक्र-शनि सुट्टी. गिरीशनं किल्ली फिरवत म्हटलं, "खलास, बाबा. घरी." येताना मी एकही कविता म्हटली नाही. गिरीशनंच एकदा विचारलं, "ती पावशाची पुढे कशी होती?" मी झोपल्याचं सोंग घेतलं.

घरी आल्यावर वहिनीला फोन केला. "अजून कळलं नाही," एवढंच म्हटलं. तिच्या अंगणातला कोंबडा तेवढा ऐकू येत राहिला.

शनिवारी दुपारी हे लिहायला बसलो, तेव्हा मनाशी हिशेब चालला होता की या प्रवासातून काय राहिलं. डोंगर राहिले, कहव्यातली वेलची राहिली. आणि त्या पोरसवदा अधिकाऱ्याचं म्हणणं टोचत राहिलं. अब्रू झाकायची म्हणून तो गप्प बसला, त्यात चूक काय? दवंडीनं आमच्या गावात किती घरं जन्माची खाली मान घालून जगली, तेही मी पाहिलंय. पण झाकलेल्या अब्रूखाली एक आई गुदमरते, तिचं काय? मी पेन ठेवलं. तेवढ्यात बेल वाजली.

"नाना, बघता का? माझे हात पिठाचे आहेत," मंजू आतून ओरडली.

दारात एक ओमानी म्हातारा. पांढरी स्वच्छ पायघोळ दिशदाशा, डोक्याला नक्षीची टोपी, हातात काठी आणि खजुराचा डबा. जिना चढून धापा टाकत होता. मला खालून वर न्याहाळत म्हणाला, "कविता बोलने वाला इंडियन?"

मी नुसती मान हलवली.

"मैं संदेश का अर्बाब. कल उमरा से आया. पुलिस ने फोन किया, एक बाबा ढूँढ़ता है." त्यानं डबा माझ्या हातात ठेवला. "आज मिला उसको. अंदर है. अच्छा है, खाना खाता है. दूसरे के गॅरेज में काम करता पकड़ा. मैं करेगा पेपर."

आत आहे! वहिनीनं मागितलेली कोठडी मिळाली होती.

"मैं बोला, तेरा चाचा आया. वो बोला, मेरा इधर कोई चाचा नहीं." म्हातारा चौकटीला टेकून हसू लागला. "फिर मैं बोला, पतला बुड्ढा, बाहर बैठके स्कूल का कविता बोलता था. तो वो रोया. बहुत रोया. फिर पूरा कविता मेरे को सुनाया."

"पूरा?" मी विचारलं. "बीच का छोड़ा नहीं?"

"मेरे को क्या मालूम, बाबा? मराठी था." त्यानं चपला काढल्या आणि आत येत म्हणाला, "लेकिन पुलिस को उसने खुद लिखवाया. चाचा है. सगा."