मैत्रिणीने शाळा सोडली त्या वर्षी

आम्ही दोघींनी पेणला एकत्र डी.एड. केलं आणि नव्वद सालाच्या आसपास रोह्याजवळच्या एकाच शाळेत लागलो. शिकवणं तिच्या अंगातच होतं. मधल्या सुट्टीत मुली तिला चिकटायच्या. मी हजेरी भरत बसायचे आणि आतून जळायचे.

शिकवायला आम्ही दोघीच, वर्ग चार. पहिलीला ती फळ्यावर चित्रं काढून वाचायला शिकवायची. धडा रंगात आला की वरून सरकारी कामाचा निरोप यायचा: मतदारयाद्या, साक्षरतेची पाहणी, तांदूळवाटप. आठवड्याने परत यावं तर मुलं सगळं विसरलेली. माझं काही अडत नसे, कारण माझा धडा कधी रंगातच येत नसे. ती मात्र दरवेळी थोडी थोडी खचत गेली. सहाव्या वर्षी तिने फळ्यावर चित्रं काढणं सोडलं. मग तपासणीला आलेल्या साहेबांनी एकाही मुलाला वाचायला न लावता, अपुऱ्या रजिस्टरवरून तिला वर्गासमोर झापलं. महिन्याभरात तिने राजीनामा दिला.

सरकारी नोकरी सोडते म्हणून मी तिला वेड्यात काढलं.

दिवाळीनंतर पेणला गेले तेव्हा ती एका गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रेखत होती. चेहरा भरला होता, बसलेला आवाज मोकळा झाला होता.

"इथं अर्ध्यातून कुणी उठवत नाय," ती म्हणाली. "डोळा पुरा झाला की मगच मान वर करायची."

तिचं ते स्वस्थ बसणं मला बघवेना. तिने विचारलं, "पोरं माझी आठवण काढतात का गो?"

"नाय," मी म्हटलं. "पोरं काय, विसरतात."

खरं तर त्याच आठवड्यात सोमवारी पहिलीतल्या तिघींनी मला विचारलं होतं, बाई कधी येणार म्हणून. तिने पुन्हा ब्रश उचलला. पण पुढची रेघ तिला दोनदा पुसावी लागली.

रोह्याच्या गाडीत बसेपर्यंत मला बरं वाटत होतं. निडी स्टेशन मागे पडल्यावर वाटेना. पुढच्या रविवारी त्या तिघींना त्यांच्या आयांना विचारून पेणला घेऊन गेले. कारखान्यात शिरताच त्या तिच्याकडे धावल्या. तिने रंगाचे हात पदराला पुसले, एकेकीला जवळ घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलले होते हे तिला कळलं. रागावली नाही, मुलींना पाट आणि ब्रश देऊन रेघा मारायला बसवलं.

संध्याकाळपर्यंत चौघींपैकी एकीनेही मान वर केली नाही. मी दाराशी बसून होते.