समुद्राची लाल रेघ

परभणीत स्टेशनजवळच्या एका खोलीत बसून मी कोकणातल्या एका गावाचे नकाशे काढायचो. समुद्र मी तेव्हा पाहिलेला नव्हता, आजही नाही. पाणी कुठवर चढेल ती लाल रेघ मी संगणकावर ओढायची, आणि मग वरून निरोप यायचा की रेघ जरा समुद्राकडं सरकवा, हॉटेलची जागा बुडतेय. त्या आठवड्यात चौथ्यांदा तीच रेघ पुसत होतो. डोळे चुरचुरत होते आणि चिडायचंही त्राण उरलं नव्हतं.

तेवढ्यात पेडगावची चुलती डबा घेऊन आली. ऊसतोडीहून ती आदल्याच दिवशी परतली होती. डबा टेबलावर ठेवून तिनं पडद्याकडं बघितलं.

"ही लाल रेघ कशाची रे?"

"समुद्र चढायलाय, काकू. रेघेच्या आतली घरं वीस वर्षांत हलवायचीत. त्याचंच नियोजन."

तिनं वाकून ती इवली चौकोनी घरं बघितली.

"वीस वर्षं आधी सांगायलेत?" ती म्हणाली. "लय चांगलं हाय बाबा. आमाला तर ट्रॅक्टरात बसल्यावर कळतं, आज कुठं झोपायचं ते."